डाव्या स्पीकरची खरखर

जुना स्पीकर समोर आला की कानसेन त्याला आधी वाजवत नसत. आधी त्याला हात लावत. दोन्ही हातांची बोटे पडद्याच्या कडेने गोलाकार ठेवायची, तान्ह्याच्या टाळूवर ठेवावीत इतकी हलकी. दाब सगळीकडून सारखा द्यायचा. पडदा आत ढकलायचा आणि सोडायचा. आतल्या तारेची गुंडाळी चुंबकाच्या फटीत कुठे घासत असेल, तर ते कानाच्या आधी बोटांना कळते. मग विजेरीचा सेल तारांना क्षणभर टेकवायचा: पडदा पुढे झेपावला तर तारा सुलट, मागे दबला तर उलट. मग नाक जवळ न्यायचे, कारण जळालेल्या तारेचा वास कितीही वर्षे लोटली तरी लपत नाही. आणि हे सगळे झाल्यावर, सगळ्यांत शेवटी, कान.

गाता न येणाऱ्या पण गाणे कळणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत जे नाव आहे, तेच गल्लीने त्यांना देऊन टाकले होते. खरे नाव घरच्यांनाही कागदावर सही करतानाच आठवे. जिन्याखालची उतरत्या छताची खोली हे त्यांचे दुकान. छत उतरते, म्हणून ताठ उभे राहायचे तर दाराशी. पुढे जसजसे आत जावे तसतसे वाकावे लागे. "माझ्या दुकानात गिऱ्हाईक आपोआप नम्र होतं," असे ते म्हणत. भिंतींना लागून लाकडी खोक्यांच्या उतरंडी, खिळ्यांवर टांगलेले फाटके पडदे, डब्याडब्यांत स्क्रू, आणि मधोमध एक स्टूल. त्या स्टुलावर पाठ टेकायला जागा नव्हती. ऐकताना पाठ टेकली की माणूस ऐकत नाही, झोपतो, असे त्यांचे ठाम मत होते.

जुने स्पीकर विकत घेणारे लोक त्यांना सोबत नेत. एकदा जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितले, "साहेब, बिनदोष माल आहे. एकदाही आवाज फाटलेला नाही."

कानसेनांनी पडद्यावरची धूळ फुंकली. "वर्षानुवर्षं वाजलेच नाहीत, तर फाटणार कसे? बिनलग्नाच्या माणसाचं बायकोशी भांडण होत नाही, त्यातलं हे."

दुकानदार हसला आणि निमूटपणे दुसरी जोडी काढायला आत गेला.

ही झाली बाहेरची कीर्ती. घरात मात्र या कानांचा जाच होता. फ्रिजची गुणगुण, नळाची टिपटिप, शेजारच्या पंख्याचे वाकडे पाते. जगाला जे ऐकूच येत नाही ते त्यांना सोडत नसे. जेवताना ताटावरून उठत, पंखा बंद करून पाहत, पुन्हा बसत, पुन्हा उठत. पत्नी म्हणे, "अहो, फ्रिज आहे तो. गुणगुणणारच. या घरात माझ्याजवळ बसून कोणी गुणगुणतं तरी, एवढंच सुख आहे मला."

नऊ प्रकारच्या भक्तीत पहिला मान श्रवणाला दिला आहे, तो उगीच नाही. बोलणारा देतो आणि ऐकणारा घेतो असे आपल्याला वाटते. खरे तर ऐकणाराच आधी देतो. स्वतःला रिकामे करून समोरच्याला आत जागा देतो. कानसेनांनी आयुष्यभर हेच केले. यंत्राला जागा दिली, सुराला जागा दिली, सुरातल्या दुखण्याला जागा दिली. पण एका भीतीलाही त्यांनी आत जागा दिली होती, आणि ती भाडेकरूसारखी आली ती मालकासारखी राहिली.

ती भीती त्यांना गुरूंकडून मिळाली होती. ज्यांच्या हाताखाली ते हा धंदा शिकले, त्या वृद्ध कारागिराचे कान शेवटी शेवटी गेले. बारीक, वरचे सूर त्यांना ऐकूच येईनात. म्हणून ते प्रत्येक स्पीकरचा वरचा आवाज वाढवून देत. गिऱ्हाइके वाकून नमस्कार करीत, स्पीकर उचलून नेत, आणि पुढच्या गल्लीत दुसऱ्याकडून ते गुपचूप सरळ करून घेत. म्हाताऱ्याला कोणी सांगितले नाही. तो गेला तेव्हा आपले काम उत्तम होते याच समाधानात गेला. कानसेनांना ते समाधान आठवले की अंगावर काटा येई. त्यांनी मनाशी गाठ मारली होती आणि पत्नीलाही सांगून ठेवले होते: "दुसऱ्याला दोष ऐकू येतो आणि मला येत नाही, असं ज्या दिवशी होईल, त्या दिवशी हत्यारं खाली ठेवीन. मला कोणी प्रेमानं फसवायचं नाही."

आणि मग गाण्याच्या बाई आल्या.

बाईंनी शाळेत गाणे शिकवण्यात आयुष्य घालवले होते. त्या भागातल्या अर्ध्या लोकांना सूर म्हणजे काय ते त्यांनी शिकवले, आणि उरलेल्या अर्ध्यांना गप्प बसायला शिकवले, असे लोक म्हणत. वर्गात मागच्या बाकावरचा कोण बेसूर होतो आहे, हे त्या पाठमोऱ्या उभ्या राहून सांगत. दिवंगत पतीने हौसेने घेतलेली स्पीकरची जुनी जोडी त्यांच्या बैठकीच्या खोलीत होती. दुपारी त्या दोन स्पीकरांमध्ये खुर्ची टाकून बसणे हा त्यांचा नेम होता. सुनेने गाडीतून दोन्ही स्पीकर आणले, आणि बाईंनी उतरत्या छताखाली मान वाकवून तक्रार सांगितली.

"डावा खरखरतो. सगळीकडे नाही. खालचा सूर लांबवला की त्याच्या तळाशी. वाळूवरून पाय ओढावा तसं."

कानसेनांनी हात लावला, सेल लावला, वास घेतला. मग खालचे सूर लांबवणारी तबकडी लावून स्टुलावर ताठ बसले. सूर आला. स्वच्छ, भरदार, तळापर्यंत नितळ. त्यांनी आवाज वाढवला, कमी केला, कान पडद्याला लावला, खोक्याच्या पाठीला लावला. वाळू नाही, पाय नाही.

"काही नाही हो, बाई."

"नाही कसं? आहे ना."

दुसऱ्या कोणी म्हटले असते, तर कानसेन हसले असते. पण या बाई होत्या. ज्या कानापुढे सगळ्या गावाने मान तुकवली, तो कान 'आहे' म्हणत होता. कानसेनांनी सगळे स्क्रू कसले, तारांच्या सांध्यांना कथलाचे डाग नव्याने दिले आणि स्पीकर परत पाठवले. थोड्याच दिवसांत सुनेची गाडी पुन्हा दाराशी उभी राहिली.

"काका, माफ करा हं. सासूबाई म्हणतात, तसंच आहे."

"तुम्हाला ऐकू येतं का?"

"मला? मला त्या विचारतात तेव्हा वाटतं येतं, त्या आत गेल्या की वाटतं नाही येत. माझं कुठं धरता तुम्ही?"

त्या दिवसापासून कानसेनांची बैठक मोडली. स्टूल त्यांना धरून ठेवीना. सूर लावावा, ऐकावे, उठावे. दारापर्यंत जावे, परत यावे. दुसरी तबकडी लावावी, तिसरी लावावी. डावा उजवीकडे ठेवावा, उजवा डावीकडे ठेवावा. ऐकणे म्हणजे थांबणे, आणि थांबणेच त्यांना जमेनासे झाले. खरखर ऐकू येत नव्हती म्हणून ते अस्वस्थ होते. ऐकू आली असती तर सुखी झाले असते. पाहा कशी उलटी तपश्चर्या आहे ही: आयुष्यभर ज्या दोषाचा नायनाट केला, तोच दोष एकदा दर्शन दे म्हणून हा माणूस स्पीकरपुढे हात जोडून बसला होता.

पत्नीला त्यांनी दुकानात बोलावले. "ऐक. या सुराच्या तळाशी काही येतं का?"

तिने पदराला हात पुसले, मन लावून ऐकले. "छान वाटतं."

"छान वाटतं का ते विचारत नाही. खरखर येते का?"

"तुम्हाला येते?"

ते बोलले नाहीत. पण संसार केलेल्या बाईला न बोललेलेच आधी ऐकू येते. ती हळूच म्हणाली, "मग बाईंना सांगून टाका ना, मला ऐकू येत नाही म्हणून. चार शब्द तर आहेत."

"त्या चार शब्दांत माझं दुकान आहे," कानसेन म्हणाले.

थोडी डागडुजी करून त्यांनी स्पीकर पाठवले, ते पुन्हा परत आले. तिसऱ्या वेळी त्यांनी डावा स्पीकर कापला.

निरोगी अंगावर शस्त्र चालवणे काय असते, हे त्या दुपारी त्यांच्या हातांना कळले. पडद्याच्या मध्यावरची छोटी टोपी त्यांनी पात्याने उचलली. आत फट स्वच्छ, गुंडाळी सरळ, कुठे घासल्याची खूण नाही. इथे थांबता आले असते. हात म्हणत होते थांब, डोळे म्हणत होते थांब. पण भीती म्हणाली, तुझ्या डोळ्यांचे तरी काय खरे? त्यांनी कडेचा डिंक भिजवला आणि जुना पडदा सोडवायला घेतला. इतक्या वर्षांचा कागद; तो सुटताना फाटला. मग परतीची वाट उरली नाही. त्यांनी नवा पडदा, नवी गुंडाळी बसवली, टोपी चिकटवली, सुकू दिली, मग स्पीकर वाजवून पाहिला. आवाज चांगला होता. उजव्याहून किंचित कोरडा, किंचित उतावळा, पण चांगला.

बाई स्वतः न्यायला आल्या. दाराशीच उभ्या राहून त्यांनी विचारले, "सापडलं का काही?"

आणि कानसेन म्हणाले, "सापडला. दोष आत होता, गुंडाळीत. काढून टाकला."

बाईंचा चेहरा उजळला. इतका उजळला की कानसेनांनाही क्षणभर आपण काही सत्कृत्य केले असे वाटले. "मी म्हणत होते ना," बाई सुनेकडे वळून म्हणाल्या, "तिथंच होता तो. स्पीकरमध्येच." मग त्या कानसेनांकडे वळल्या. "तुम्ही मला फार मोठ्या काळजीतून सोडवलंत." एका स्पीकरसाठी हे आभार जरा जास्त होते. कानसेनांच्या कानाला ते जाणवले, पण त्या दिवशी त्यांना कानाचे ऐकायचेच नव्हते.

पुष्कळ दिवस गेले. बाईंकडून काही कळले नाही. त्या शांततेत कानसेनांना चैन पडेना. ते मुद्दाम बाईंच्या गल्लीवरून जात, खिडकीखाली रेंगाळत, आणि ओळखीचे कोणी दिसले की चप्पल दुरुस्त करायला निघाल्याचा आव आणत. शेवटी एके सकाळी सूनच दुकानात आली. हातात स्पीकर नव्हता.

"काका, त्यांनी मला पाठवलेलं नाही. त्यांना तर सांगूही नका. पण त्या आता दुपारच्या ऐकायला बसतच नाहीत. मी विचारलं, पुन्हा खरखर येते का? तर म्हणाल्या, त्या माणसानं तीन वेळा हात लावला, आता पुन्हा कुठल्या तोंडानं जाऊ? तुम्ही एकदा घरी येऊन बघाल का?"

कानसेनांनी लगेच दुकानाला कुलूप लावले. घरी जाऊन ऐकावे हे इतके दिवस सुचले कसे नाही? कित्येकदा स्पीकर निर्दोष असतो आणि खोलीच बोलत असते. खालच्या सुराबरोबर एखादी सैल काच थरथरते, एखादी फुलदाणी कुरकुरते. चालताना त्यांच्या पावलांत आशा शिरली. खोलीतच असेल. खोलीतच असो.

बाईंची बैठकीची खोली उजेडाची होती. मोठी खिडकी, काचेचे कपाट, भिंतीवर तसबिरी, आणि दोन स्पीकरांमध्ये ती एक खुर्ची. कानसेनांनी सूर लावला आणि बाईंना म्हटले, "खुर्चीत बसा, आणि खरखर येतेय तोवर हात वर ठेवा."

सूर सुरू झाला. बाईंचा हात वर गेला.

"सूनबाई, खिडकीची काच दाबून धरा."

सुनेने दोन्ही तळवे काचेवर टेकले. बाईंचा हात वरच.

"आता कपाटाचं दार." सून कपाटाकडे धावली. हात वरच. "तसबीर." हात वरच. "तो दिवा." हात वरच. फुलदाणी बाहेर गेली, पितळी घंटा बाहेर गेली, भिंतीवरचे घड्याळ उतरवून गादीवर निजवले गेले. शेवटी सून एका हाताने कपाट, एका पायाने दार आणि कोपराने खिडकी धरून उभी राहिली.

"काका, आता फक्त मी राहिले. मला कोण धरणार?"

बाई हसल्या, पण हात खाली आला नाही.

मग कानसेनांमधला कारागीर जागा झाला. दोष शोधायचा तर एकेक भाग बाजूला काढत जायचे, ही त्यांची रीत. त्या रीतीत दयामाया नसते आणि विचारही नसतो. त्यांनी डाव्या स्पीकरची तार काढली. एकटा उजवा वाजू लागला. हात वरच. खुर्ची दुसऱ्या भिंतीला लावली. हात वरच. त्यांनी सगळेच बंद केले. खोलीत शांतता झाली. हात खाली आला. आणि ज्या ओघात ते तारा काढत होते, त्याच ओघात म्हणाले, "बाई, आता तोच सूर तुम्ही लावा. गळ्यानं."

बाईंनी डोळे मिटले आणि खालचा सूर लावला. वय झाले होते, तरी गळा किती खरा होता. सूर खोलीत पसरला, एका जागी स्थिर झाला. सून कपाट सोडून ऐकत राहिली. आणि मग, सूर चालू असतानाच, बाईंचा हात हळूहळू मांडीवरून उठला. अर्ध्यावर आला. तिथेच थांबला.

सूर तुटला.

"माझ्यातच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी डाव्या कानावर तळवा दाबला, पुन्हा सूर लावला, तळवा काढला. "याच्यातच आहे."

कानसेनांच्या छातीवरची धोंड उतरली. मनुष्यस्वभाव लपवून काय उपयोग? पहिल्या क्षणी त्या माणसाला आनंदच झाला. माझे कान शाबूत आहेत; मला ऐकू आले नाही, कारण ऐकण्यासारखे नव्हतेच. तो आनंद चेहऱ्यावर यायला आणि बाईंनी डोळे उघडायला एकच गाठ पडली. त्यांनी तो पाहिला. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मला शंका होतीच. डॉक्टरांची वेळसुद्धा हिनं घेऊन ठेवली होती."

"हो," सून म्हणाली. "पण तुम्ही स्पीकरमधला दोष काढलात ना, काका, म्हणून त्या गेल्याच नाहीत. म्हणाल्या, कारण सापडलं, आता कशाला कान दाखवू? पुढे आठवडाभर म्हणत होत्या, कमी झालीय, कमी झालीय."

मघाचा आनंद असा विझला की त्याची राखसुद्धा राहिली नाही. इतके दिवस कानसेन ज्याला घाबरत होते ते घडलेच नव्हते. कान खोटे बोललेच नव्हते. खोटे बोलली होती ती जीभ, आणि कानाची अब्रू वाचवायला बोलली होती. स्वतःला कोणी प्रेमाने फसवू नये म्हणून एवढा जपणारा माणूस, त्याने दुसऱ्याला भीतीने फसवले होते.

ते उभे होते ते खाली बसले, जमिनीवरच. "बाई, मला काहीही सापडलं नव्हतं."

"म्हणजे?"

"तुमच्या स्पीकरमध्ये दोष नव्हता. मला खरखर कधी ऐकूच आली नाही. तुम्हाला येते म्हटल्यावर मला वाटलं, माझे कान गेले. ते कबूल करवेना. म्हणून सापडला म्हणालो."

"मग काढलंत काय?"

"चांगला पडदा होता. तो फाडला. नवा बसवला."

बाई बराच वेळ त्या डाव्या स्पीकरकडे पाहत राहिल्या. पतीने हौसेने आणलेली वस्तू. तिच्या पोटातले जुने काळीज कोणीतरी काढून घेतल्याचे आज कळत होते. "आता दोघे सारखे वाजत नाहीत?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मला सारखेच वाटतात."

"मला नाही वाटत," कानसेन म्हणाले.

सून घड्याळ परत भिंतीला लावायला वळली. मग बाई म्हणाल्या, "छान झालं. म्हणजे आता या घरात मला खरखर ऐकू येते आणि तुम्हाला तुमचा पडदा ऐकू येतो. हिला बिचारीला काहीच ऐकू येत नाही, म्हणून हिचा संसार सुरळीत चाललाय." त्यांचा आवाज मात्र हसत नव्हता. "या तुम्ही आता."

कानाच्या डॉक्टरकडे कानसेनही गेले. कोणी बोलावले नव्हते तरी गेले, आणि बाहेरच्या बाकावर न बसता येरझाऱ्या घालत राहिले. तपासणी होऊन बाई बाहेर आल्या. डाव्या कानाची आतली नस क्षीण होत चालली होती. आहे ते टिकवायला औषध होते, गेलेले परत येणार नव्हते. उजवा कान चांगला होता. कानसेनांनी दारातूनच डॉक्टरांना विचारले, "यांना आधी आणलं असतं, तर?"

डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित फरक पडला असता. कदाचित नसता."

हो म्हटले असते, तर तो माणूस शिक्षा भोगायला मोकळा झाला असता. नाही म्हटले असते, तर सुटला असता. मिळाले ते 'सांगता येत नाही'. देवाने त्याला दोन्ही दारांच्या मध्ये, उंबऱ्यावर उभे केले आणि बसायला काही दिले नाही.

कानसेनांनी हत्यारे खाली ठेवली. प्रतिज्ञा कानाची होती, कान तर खरे निघाले होते; तरी ठेवली. दुकानाचे दार उघडून ते दारातच उभे राहत, आत वाकत नसत. गिऱ्हाइकांना उद्या या म्हणत. घरी फ्रिज गुणगुणत असे आणि ते उठतसुद्धा नसत. ते पाहून पत्नीच घाबरली. "अहो, निदान नळ तरी गळतो म्हणून ओरडा," ती म्हणाली. "तुम्ही गप्प बसलात की मला घर ऐकू येईनासं होतं."

अशाच एका सकाळी गाडी येऊन थांबली. आधी सुनेने दोन्ही स्पीकर उतरवले. मागून बाई उतरल्या, मान वाकवून आत आल्या आणि त्या पाठ नसलेल्या स्टुलावर बसल्या.

"डावा उजव्यासारखा करून द्या."

"बाई, तो पडदा आता मिळणार नाही. बनत नाही."

"जुन्यात शोधा. त्याच्या जातीचा एखादा मोडका कुठं तरी पडला असेल."

"मिळाला, बसवला, तरी..." ते थांबले. मग सरळच म्हणाले, "तरी तुम्हाला फरक कळणार नाही."

"ठाऊक आहे. तुम्हाला कळेल ना? मग सांगा. पण जे ऐकू येईल तेच सांगा. मी इथंच बसणार आहे, समोर. आता मला माझ्या एका कानाच्या जागी कोणाचा तरी लागेल, आणि खोटं बोलणारा मला परवडणार नाही."

कानसेनांनी पुष्कळ दुकाने पालथी घातली. जुन्या बाजारात, रिकाम्या होणाऱ्या घरांत, बंद पडलेल्या सभागृहांच्या अडगळीत ते त्या जातीचा मेलेला स्पीकर शोधत हिंडले. ओळखीचा दुकानदार म्हणाला, "साहेब, चांगला दाखवला तर नाक मुरडता, आणि मढं मागता?" ते म्हणाले, "मढंच हवंय. पण काळीज शाबूत असलेलं." एक मिळाला, त्याचा पडदा ओलीने मऊ झाला होता. दुसरा मिळाला, तो उंदरांनी आधीच ऐकला होता. तिसऱ्याचा पडदा धड निघाला, आणि या वेळी तो सोडवायला त्यांनी सबंध दिवस घेतला.

बसवला त्या दुपारी बाई आल्या, स्टूल उजव्या कानाच्या बाजूने वळवून घेऊन बसल्या. पत्नी दारात उभी होती. कानसेनांनी तोच खालचा सूर लावला. आधी उजवा, मग डावा. आवाज गोल होता, पिकलेला होता, फार जवळ आला होता. कोणीही हो म्हटले असते. पत्नीने मान डोलावलीसुद्धा.

बाईंनी विचारले, "झाला?"

कानसेनांच्या ओठांवर तो शब्द आला. किती सोपा शब्द. एका शब्दात सगळ्यांचे समाधान झाले असते. बाई घरी गेल्या असत्या, पत्नी स्वयंपाकघरात गेली असती, आणि त्यांना बसता आले असते. ते दारापर्यंत गेले, परत आले, कान डाव्या पडद्याजवळ नेला, मग उजव्याजवळ.

"नाही," ते म्हणाले. "अजून जरा कोरडा आहे."

"बरं," बाई म्हणाल्या.

त्यांनी आतल्या कापसाची भर थोडी काढली, सारखी केली, स्क्रू कसले. पुन्हा सूर.

"आता?"

"अजून नाही, बाई."

बाईंनी पदर खांद्यावरून नीट घेतला, हातातली पिशवी खाली ठेवली, आणि त्या स्टुलावर थोड्या पुढे सरकून ताठ बसल्या. "असू दे," त्या म्हणाल्या. "पुन्हा लावा."